मिस्त्रीच्या घरचं पार्टिशन

मिस्त्रीकडे काम दिलं की गिऱ्हाइकाने आधी स्वतःची समजूत घालून घ्यावी. हाताला माणूस एक नंबर, पण वेळेच्या नावाने शंख. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. गेली चाळीस वर्षं तो ते देत आला आहे आणि देताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. लोक चिडतात, वर्कशॉपवर येऊन तावातावाने बोलतात, दुसरा सुतार बघतो म्हणतात आणि शेवटी त्याच्यासाठीच थांबतात. कारण त्याने बसवलेलं दार वीस वर्षांनीही जमिनीला घासत नाही, कुरकुरत नाही, एका बोटाने ढकललं तरी मुकाट लागतं.

अशा माणसाकडे एका सकाळी त्याची स्वतःची बायको गिऱ्हाईक म्हणून आली.

आली म्हणजे काय, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली. हातात वहीचा एक कागद होता. तो तिने त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, “मिस्त्री, एक काम होतं.”

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि ‘अहो’ सोडून दुसरी हाक तिने कधी मारली नव्हती. मिस्त्रीला हसूच आलं. मग त्याने कागद उलगडून बघितला आणि हसू जागच्या जागी विरलं. कागदावर पट्टीने आखलेली त्यांची बाहेरची खोली होती. लांबी बावीस फूट, रुंदी अकरा. मापं तंतोतंत, दारामागचा खांबसुद्धा सुटला नव्हता. खिडकीच्या बाजूचे आठ फूट सोडून तिने एक आडवी रेघ मारली होती आणि त्या रेघेत एक दार काढलं होतं.

“मापं कुणी घेतली?”

“मीच. तुमच्या टेपने. तुम्ही कामावर गेल्यावर.”

“पार्टिशन कशाला हवंय? सामान ठेवायला?”

“नाही. मला.”

“तुला म्हणजे?”

“मला बसायला.”

“अगं, बसायला अख्खं घर आहे की!”

“तेच ना,” ती म्हणाली. “अख्खं घर आहे.”

मिस्त्रीला यातलं ओ की ठो कळलं नाही. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, “पुढच्या आठवड्यात नक्की.”

या बाईला सगळी गल्ली मावशी म्हणते. तीस वर्षं ती एका पाळणाघरात कामाला होती. रोजची चाळीस पोरं. त्यांची नाकं पुसायची, मारामाऱ्या सोडवायच्या, डबे भरवायचे आणि दुपारी चाळीसच्या चाळीस एकदम झोपवायची. तेवढ्या वेळात स्वतः भिंतीला टेकावं म्हटलं तर त्यातलं एखादं उठून मांडीवर येऊन बसायचं. संध्याकाळी घरी यावं तर सासू, सासरे, धाकटा दीर आणि पोटची दोन. एवढी सगळी माणसं बावीस बाय अकरामध्ये झोपायची. मावशीचं अंथरूण कायम स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, कारण सकाळी पहिली तीच उठणार. मग वर्षं गेली तशी माणसं पांगली. सासू-सासरे गेले, दिराने वेगळं बिऱ्हाड केलं. मुलगी नोकरी धरून दुसऱ्या शहरात एकटी राहायला लागली. मुलगा लग्नानंतर सहा महिन्यांत गावाच्या पार दुसऱ्या टोकाला नव्या फ्लॅटमध्ये गेला. गेल्या वर्षी मावशी कामावरून निवृत्त झाली. घरात उरली दोघं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा हातपाय पसरायला जागा झाली होती आणि आता हिला मध्ये भिंत हवी होती!

पार्टिशन म्हणजे मिस्त्रीच्या हातचा मळ. चार दिवसांचं काम. पण लोकांच्या घरात आजवर घातलेली पार्टिशनं त्याला एकेक आठवायला लागली. दोन भावांच्या घरात एक घातलं होतं, वर्षभरात भावांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. एका शिंप्याकडे बाप आणि लेकामध्ये घातलं, तर लेक दुसऱ्याच महिन्यात सामान घेऊन निघून गेला. आणि तो औषधवाला! त्याच्या बायकोला म्हणे शांत झोप लागत नव्हती, म्हणून मध्ये प्लाय मारून घेतला. रंग वाळायच्या आत बाई माहेरी गेली ती गेलीच. लोक पार्टिशन घालायला सांगतात तेव्हा मनाने केव्हाच घराबाहेर पडलेले असतात, असं मिस्त्रीचं मत होतं. चाळीस वर्षांच्या अनुभवाचं मत, त्यामुळे ते त्याला कुणी पुसून काढायला सांगितलं असतं तरी निघालं नसतं.

तेव्हा त्या कागदात त्याला खोली दिसलीच नाही. त्याला एवढंच दिसलं, की ही चालली.

सरळ विचारायचं होतं की नाही? पण विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली तर? भल्याभल्या गिऱ्हाइकांना उडवून लावणाऱ्या माणसाची घरात दातखीळ बसली. मग त्याने त्याला जमणारी एकच गोष्ट केली. दिवस ढकलले.

मावशीही काही कच्ची नव्हती. मशीनच्या आवाजात मिस्त्रीला फोन ऐकू येत नाही, म्हणून त्याची गिऱ्हाइकं शेजारच्या शेडमधल्या रंगाऱ्याला फोन करतात. तिनेही तेच केलं. रंगारी डबा खाली ठेवून, हात पुसत आला.

“अरे, एक बाई पार्टिशनचं विचारतायत. काय सांगू?”

“सांग, पुढच्या आठवड्यात.”

रंगाऱ्याने फोन कानाला लावला, ऐकलं आणि त्याचे ओठ कानापर्यंत गेले. “त्या म्हणतायत, हा आठवा पुढचा आठवडा आहे. आणि संध्याकाळी येताना दूध आणा.”

त्या दिवशी मिस्त्रीला सगळं रंगाऱ्याला सांगावंच लागलं. रंगारी विचारात पडला. “माझी बायको नाही रे खोली मागत,” तो म्हणाला. “मीच मागतोय. देत नाही.” असल्या माणसाकडून काय धीर मिळणार!

मुलांच्या कानावर गेलं तेव्हा तर कहरच झाला. मुलीचा फोन आला. ही मुलगी तीन खोल्यांत एकटी राहते, आणि आईवडील जायचे म्हटले तरी आधी कळवावं लागतं. तिने आईची हजेरी घेतली. “आई, हे काय ऐकतेय मी? या वयात वेगळी खोली? बरं दिसतं का ते?”

“तुझ्या घरात किती खोल्या आहेत गं?” मावशीने विचारलं.

“तीन. का?”

“आणि माणसं?”

“ते वेगळं आहे, आई.”

“वेगळं आहेच. तुला कुणाकडे मागावी लागली नाही.”

रविवारी मुलगा आणि सून आली. मुलाने बापाला बाजूला घेतलं आणि डॉक्टरसारखा आवाज काढून विचारलं, “बाबा, तुमचं काही बिनसलंय का? मग आईला थोडे दिवस आमच्याकडे पाठवा. तिलाही बदल होईल.” मिस्त्रीला वाटलं, म्हणजे हिचं तिकडेही बोलणं झालेलं दिसतंय! खरं तर तसं काहीच नव्हतं, पण संशयाने पछाडलेल्या माणसाला कोण सांगणार? तिकडे स्वयंपाकघरात सून कप विसळता विसळता सासूला हळूच म्हणत होती, “आई, खिडकीची बाजू घेतलीत ना? कुणी काही म्हणू दे, ती सोडू नका.” ते मात्र मिस्त्रीला ऐकू आलं नाही.

नवव्या आठवड्यात एका दुपारी तो ड्रिल न्यायला अवेळी घरी आला. बाहेरच्या खोलीत पलंगावर मोठी बॅग उघडी पडली होती. तिच्यात मावशीचे कपडे घड्या घालून ठेवलेले. त्यावर तिच्या चष्म्याचं घर आणि तिच्या आईचा फोटो. स्वयंपाकघरात नळ चालू होता, ती तिथेच होती. मिस्त्री दारातच उभा राहिला. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चोरपावलांनी जिना उतरून तो परत गेला. ड्रिल न्यायची राहूनच गेली.

वर्कशॉपवर तो संध्याकाळपर्यंत एका फळीला रंधा मारत बसला. फळी निम्मी झाली तेव्हा रंगाऱ्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. पण तेवढ्या वेळात मिस्त्रीचं ठरलं होतं. घरातून जाण्यापेक्षा खोलीत गेलेली बरी. निदान दाराच्या पलीकडे तरी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याने प्लाय जिन्यावरून वर चढवला. मावशी बघतच राहिली. “आज कसा काय उगवला तुमचा पुढचा आठवडा?” तिने विचारलं. तो खिशातून टेप काढून कामाला लागला.

एवढं नेटकं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. ओळंबा तीन तीनदा सोडून बघितला. चौकटीला सागवान वापरलं. अकरा वर्षांपासून ते लाकूड त्याने वर्कशॉपच्या माळ्यावर जपून ठेवलं होतं, कुणा गिऱ्हाइकाला दाखवलंसुद्धा नव्हतं. कडा अशा घासल्या की गालावरून फिरवल्या तरी टोचू नयेत.

“वर फूटभर मोकळं सोडतो,” दुसऱ्या दिवशी तो शिडीवरून म्हणाला. “हवा खेळती राहील.”

“नको. वरपर्यंत घ्या.”

हे त्याला लागलं. फूटभर फट राहिली असती तर निदान तिच्या बांगड्यांचा आवाज इकडे आला असता. पण त्याने वरपर्यंत घेतलं.

दार बसवताना मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारतो. दार कुठल्या अंगाला उघडायचं, आणि कडी कुठल्या बाजूला हवी. हे न विचारता त्याने कधी स्क्रूला हात लावलेला नाही. आपल्या बायकोला मात्र त्याने यातलं काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मान खाली घालून त्याने दार टांगलं, कडी ठोकली, भुसा झाडला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मावशी आपल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. आवाज न होता ते लागलं. मिस्त्री बाहेर खुर्चीत बसून दाराकडे बघत होता. मिनिटभराने दार उघडलं. मावशीने आतली बाजू वरपासून खालपर्यंत बघितली. मग बाहेरची बाजू बघितली. मग नवऱ्याकडे बघितलं.

“अहो, कडी बाहेरून आहे.”

मिस्त्री उठून दारापाशी गेला. कडी होती. चांगली पितळी, पाच स्क्रूंवर पक्की बसवलेली, बाहेरून.

“मला काय कोंडून घालायचंय तुम्हाला?”

मिस्त्रीचे कान तापले. अडगळीच्या खोल्यांना, गोदामांना बाहेरून कडी लागते. माणसाच्या खोलीला बाहेरून कडी कुठला सुतार लावतो? कामाला लागलेलं पहिल्या दिवसाचं पोरही लावणार नाही. आता हे त्याने मुद्दाम केलं असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं. मिस्त्री स्वतःच त्या कडीकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी येऊन ठोकली होती.

“चुकून लागली,” तो म्हणाला.

“तुमच्याकडून? चुकून?”

आणि मग नऊ आठवडे अडकून पडलेलं त्याच्या तोंडून एकदम बाहेर आलं. “तू जाणारेस का?”

“कुठे?”

“मला काय माहीत! पोरीकडे. पोराकडे. बॅग भरली होतीस ती. मी बघितली.”

मावशी हत्यारांच्या पेटीवरच खाली बसली. आधी ती हसायला लागली, हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि मग ती जी भडकली, ती भडकलीच.

“ती बॅग भरली होती म्हणे! कपाट रिकामं करत होते मी, या खोलीत आणायला. तुम्ही आज कराल, उद्या कराल म्हणून वाट बघून शेवटी सामानच काढून बसले. मी जाणार असते तर खोली कशाला मागितली असती? जाणारं माणूस भिंत घालून घेतं का घरात? पिशवी उचलली असती आणि गेले असते! नऊ आठवडे हे डोक्यात घेऊन फिरताय? आणि तोंडाने काही नाही?”

“ते पार्टिशनवाले सगळे...” मिस्त्रीने सुरुवात केली.

“कोण सगळे?”

त्याने औषधवाल्याचं सांगितलं. भावांचं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते फार शहाणपणाचं वाटेना.

“ती भांडलेली माणसं होती,” मावशी म्हणाली. “आपलं भांडण झालंय का?”

“नाही.”

“मग?”

मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवरच बसला. “मग तुला खोलीत करायचंय काय? शिवणार आहेस? वाचणार?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“नुसती बसेन. कंटाळा आला तर आडवी होईन. मला तेरा वर्षांची असल्यापासून कुणी ना कुणी हाक मारतंय. आई हाक मारायची, मग तुमची आई, मग पोरं, मग ती चाळीस पोरं. तुम्ही तर घरात शिरायच्या आधी जिन्यातूनच मारता. वाईट नाही म्हणत मी. मीही ‘आले आले’ करत धावलेच ना! पण आता मला एकदा बघायचंय, की कुणी हाक मारली नाही तर मी काय करते. मलाच माहीत नाही अजून.”

मिस्त्री ऐकत होता. यातलं सगळं त्याला कळलं असं नाही म्हणता येणार. पण ती जाणार नव्हती, एवढं स्वच्छ कळलं, आणि नऊ आठवड्यांचं छातीवरचं ओझं असं उतरलं की त्याला बसल्या जागी झोपच यायला लागली. किती बरं वाटलं त्याला! उठून गल्लीत सगळ्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय, की बायको कुठे जात नाहीये? ती जातेय असं त्याच्याशिवाय कुणाला वाटलंच नव्हतं.

“आण तो स्क्रू ड्रायव्हर,” तो म्हणाला.

कडी निघाली. आतल्या बाजूला बसवताना त्याने रीतसर विचारलं, “बाई, कुठल्या उंचीवर हवी?” आणि मावशीने रीतसर आपल्या खांद्याशी बोट ठेवून दाखवलं. स्क्रू तिने ओंजळीत धरले आणि एकेक दिला. बाहेरच्या बाजूला राहिलेली भोकं त्याने भुसा आणि सरस कालवून बुजवली. मग तो बाहेर आला, दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज झाला.

पहिले काही दिवस मिस्त्रीला सुचेना. उगाच दारापाशी घुटमळायचा. पाणी पिण्याच्या निमित्ताने चार चकरा व्हायच्या. एकदा तर जिन्यातून सवयीने हाक मारली आणि स्वतःच जीभ चावली. मुलगा फोनवर रोज विचारायचा, आई कशी आहे. “मस्त आहे,” मिस्त्री सांगायचा. “कडी लावून बसलीय.” मुलाला ते काही पटायचं नाही.

पण हळूहळू एक गंमत व्हायला लागली. उरलेले चौदा फूट आपले आहेत, हे मिस्त्रीच्या ध्यानात आलं. रेडिओ मोठ्याने लावला तरी कुणी काही म्हणत नव्हतं. भिंतीवरच्या जुन्या घड्याळासाठी नवी लाकडी पेटी करायची त्याची किती वर्षांची इच्छा होती, ती त्याने टेबलावर काढली आणि तशीच पसरून ठेवली. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती, कुणी आवरली नव्हती. पलंगावर बसून बिस्किटं खाल्ली तर चुरा पडायचा आणि पडू द्यायचा. आयुष्यभर आईबापाच्या, मग बायकोमुलांच्या घरात राहिलेला हा माणूस साठीत पहिल्यांदा स्वतःचा पसारा घालायला शिकला. त्याला ते भयंकर आवडलं, आणि आवडतंय हे कबूल करायला आधी थोडी लाज वाटली, मग तीही वाटेनाशी झाली.

मावशी कधी तासभर आत असायची, कधी अख्खी दुपार. काही वेळा तिथेच झोपायची, काही वेळा बाहेर यायची. आत काय करतेस, असं त्याने एकदाच विचारलं. “समोरच्या इमारतीत एक माणूस रोज चार वाजता गॅलरीत येऊन झाडांना पाणी घालतो,” ती म्हणाली. “आणि पान न् पान पुसतो. इतकी वर्षं ही खिडकी आपली, पण मी कधी बघितलंच नव्हतं.” आणि मग ती त्या माणसाबद्दल कितीतरी वेळ बोलत राहिली. गॅस, दूध आणि बिलं सोडून दुसऱ्या कशावर दोघं बोलल्याला युगं झाली होती.

अशाच एका दुपारी मिस्त्री घड्याळाच्या पेटीवर वाकला होता. टेबलावर चाकं, समोरच्या खुर्चीवर स्क्रूंचा ढीग, मांडीवर भुसा. तेवढ्यात दार वाजलं. बाहेरचं नव्हे. मावशीच्या खोलीचं, आतून. बोटाच्या पेराने हलकेच दोनदा.

“कोण?” मिस्त्री म्हणाला. घरात दोघंच, आणि हा विचारतोय कोण!

“मी,” आतून आवाज आला. “येऊ का बाहेर?”

मिस्त्रीचा हात घड्याळावरच थांबला. अडतीस वर्षं ती त्याच्या समोर होती, पण जायला दुसरी जागा कुठे होती तिला? आज होती. तिची खोली होती, खिडकी होती, कडी होती, आणि तरी तिला त्याच्याकडे यायचं होतं.

“ये ना,” तो म्हणाला. “ये, ये,” आणि घाईघाईने समोरच्या खुर्चीवरचे स्क्रू उचलायला लागला.